गडद बलक म्हणजे गावरान अंडे नव्हे
ज्या अंड्याचा बलक गडद केशरी, ते गावरान आणि अधिक पौष्टिक, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. वस्तुतः कोंबडी हे रंगद्रव्य स्वतः तयार करू शकत नाही. पिवळा मका, लसूणघास किंवा हिरवा पाला यांतील झँथोफिल नावाची पिवळी-केशरी रंगद्रव्ये बलकाच्या चरबीत साठून त्याला रंग देतात. म्हणूनच पिंजऱ्यातील कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा किंवा लाल मिरचीचा अर्क मिसळला, तरी बलक गडद होतो. झेंडूतील ल्युटीन हे झँथोफिल डोळ्यांना उपयुक्त असते हे खरे, परंतु प्रथिनांचे प्रमाण रंगावरून कळत नाही. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत, त्यांनी मका व हिरवा पाला थांबवून ज्वारी आणि तांदळाची कणी देऊन पाहावी. साधारण दोन आठवड्यांत त्याच कोंबडीचा बलक फिकट झालेला दिसेल.