सातारा प्रदेशातील सशस्त्र प्रतिकार आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचे धोरण (१८१८–१८५८)

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशवाई बुडाल्यानंतर सातारा आणि त्याच्या आसपासचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्चस्वाखाली आला. तेथे वेळोवेळी उभ्या राहिलेल्या हत्यारबंद विरोधाला कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या प्रतिसादाचा विचार या नोंदीत केला आहे. वतने कायम ठेवणे, माफी देणे, बंडखोराला सरकारी चाकरीत घेणे, पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणे, तोफेच्या तोंडी देणे हे सर्व मार्ग येथे आलटून पालटून वापरले गेले. या सर्वांपेक्षा प्रभावी ठरलेले साधन मात्र साताऱ्याची छत्रपतींची गादी हेच होते, आणि पुढे ते इंग्रजांनी स्वतःच मोडीत काढले.

फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा दुसरा बाजीराव अजून फौजेसह फिरत होता, त्याचे सेनापती बापू गोखले हयात होते आणि डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी (पहाऱ्याची फौज) शस्त्र टाकायला तयार नव्हती. अशा स्थितीत कंपनीचा दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी रोजी साताऱ्याहून जाहीरनामा काढला. छत्रपतींसाठी स्वतंत्र मुलूख राखून ठेवला जाईल, वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांचा खर्च चालू राहील आणि बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत घरी परतणाऱ्यांना त्रास दिला जाणार नाही, असे त्यात सांगितले होते. याच महिन्यात आष्टीच्या लढाईत गोखले पडले व बाजीरावाच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. वासोट्यासारखा दुर्गम किल्लाही एप्रिलच्या आरंभी पडला आणि तेथे अटकेत असलेली राजघराण्यातील मंडळी मोकळी झाली. १० एप्रिलला प्रतापसिंहांना गादीवर बसवण्यात आले. पेशव्याची बाजू सोडणे म्हणजे छत्रपतींशी निष्ठा राखणे होय, असा अर्थ या घटनाक्रमातून शिलेदार-सरदारांना मिळाला, आणि अनेक तलवारी न लढताच म्यान झाल्या.

तरीही या सौम्य धोरणाची दुसरी बाजू लवकरच दिसली. पुणे व सातारा येथील युरोपियनांना ठार करून पुन्हा सत्ता मिळवण्याचा एक कट उघडकीस आला, तेव्हा एल्फिन्स्टनने प्रमुख कटवाल्यांना तोफेच्या तोंडी दिले. या शिक्षेत गुन्हेगाराला यातना कमी होतात आणि पाहणाऱ्याला दहशत जास्त बसते, असे त्याचे समर्थन होते. अशा कृत्यासाठी कायदेशीर संरक्षण मिळवून ठेवावे, हा मुंबईच्या गव्हर्नरचा सल्लाही त्याने नाकारला. शिक्षण आणि देशी कायदे यांविषयीच्या आस्थेमुळे महाराष्ट्रात आदराने घेतल्या जाणाऱ्या या अधिकाऱ्याच्या चरित्रात ही घटना बहुधा ओझरती येते. वास्तविक त्याची सवलत आणि त्याची जरब ही एकाच हिशेबाची अंगे होती.

साताऱ्यात प्रत्यक्ष कारभार कॅप्टन जेम्स ग्रँट याच्याकडे होता. मराठ्यांच्या इतिहासामुळे पुढे ग्रँट डफ म्हणून प्रसिद्ध झालेला अधिकारी तो हाच. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्याच्या सीमा ठरल्या. उत्तरेस नीरा-भीमा, दक्षिणेस वारणा-कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूरचा मुलूख असा हा प्रदेश होता. महाराजांनी परक्या सत्तांशी परस्पर पत्रव्यवहार करू नये, ही अट त्यात होती. भोरचे पंत सचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे यांसारख्या जहागीरदारांना इंग्रजांनी आपली हमी दिली. त्यामुळे फौज उभी करण्याची ऐपत असलेली घराणी गादीच्या नावाने एकत्र येण्याची वाट आधीच अरुंद झाली. १८२२ पर्यंत ग्रँट महाराजांच्या नावाने राज्य चालवीत होता आणि त्यानंतर अधिकार महाराजांकडे सोपवण्यात आले.

सरदार शांत झाले तरी किल्ल्यांवरची माणसे शांत झाली नव्हती. किल्ल्याच्या पहाऱ्यावर व गावच्या रखवालीवर जगणाऱ्या रामोशी कुटुंबांची चाकरी नव्या व्यवस्थेत गेली, आणि त्यांच्या जमिनी व हक्क यांनाही धक्का लागला. छत्रपतींच्या घराण्यातील चतुरसिंग भोसले पेशव्यांच्या कैदेत कांगोरी किल्ल्यावर वारले होते, पण त्यांच्या नावाने एक तोतया पुढे आला. त्याच्या बाजूने रामोश्यांनी सह्याद्रीतील प्रचितगड घेतला. राजघराण्याचे नाव जवळ असले की डोंगरातील माणसे जमतात, हा धडा दोन्ही बाजूंनी यातून घेतला. पुढच्या दशकात पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक यांनी पुणे व सातारा या दोन्ही मुलुखांच्या सरहद्दीवर इंग्रजांना वर्षानुवर्षे हैराण केले. हद्द ओलांडली की पाठलाग करणाऱ्या तुकडीचा अधिकार संपे, आणि गावकरी बातमी देत नसत. पकडण्याचे इनाम वाढवूनही उपयोग होईना, तेव्हा १८२८ मध्ये सरकारने उमाजींना माफी देऊन डोंगरी भागाच्या बंदोबस्ताच्या कामावर घेतले. ज्याच्याकडून शांततेला धोका आहे त्यालाच शांततेचा पगार द्यावा, ही खुद्द मराठेशाहीतली जुनी रीत होती, आणि अधिकाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. ती फार काळ टिकली नाही. उमाजींनी पुन्हा इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि मोठ्या इनामाच्या लोभाने जवळच्याच माणसांनी दगा दिल्यामुळे डिसेंबर १८३१ मध्ये ते भोर भागात उत्रोळी येथे पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. या मोहिमेतील कॅप्टन मॅकिंटॉश याने रामोश्यांच्या चालीरीती, टोळ्या आणि हक्कांची तपशीलवार माहिती जमवली व ती १८३३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या समाजाविरुद्ध बंदूक चालवायची, त्याची नोंदवही आधी तयार करण्याची ही पद्धत पुढे कंपनीच्या कारभारात रूढ झाली.

या सर्व काळात गादी हा बंडाला अडसर होता. १८३६ नंतर अधिकाऱ्यांच्या नजरेत ती स्वतःच बंडाचे मूळ ठरली. देशी पलटणीतील अंमलदारांना फितवणे आणि गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब यांच्याशी संधान बांधणे असे आरोप ठेवून ५ सप्टेंबर १८३९ रोजी प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले आणि काशीला पाठवण्यात आले. न झालेल्या बंडाबद्दल दिलेली ही शिक्षा खऱ्या बंडाचे कारण झाली. १८४१ मध्ये नरसिंग दत्तात्रय पेटकर यांनी बदामीचा किल्ला घेऊन त्यावर साताऱ्याच्या राजाचे निशाण लावले. १८४४ मध्ये कोल्हापूर भागात गडकऱ्यांचे (किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिपायांचे) बंड पेटले, तेव्हा प्रतापसिंहांविरुद्धच्या कारवाईत प्रमुख असलेला साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी) कर्नल ओव्हान्स हाच बंडवाल्यांच्या तावडीत सापडून पन्हाळ्यावर कैदेत पडला. या काळात दक्षिणेतील संस्थानिकांची निष्ठा सरकारला किती मोलाची वाटत होती, हे सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांना कंपनीने १८४६ मध्ये भेट दिलेल्या तलवारीवरून दिसते.

प्रतापसिंहांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक अमान्य करून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचा या निर्णयाला विरोध होता, पण तो मानला गेला नाही.

१८५७ मध्ये अधिकाऱ्यांच्या हाती तडजोडीचे काहीच उरलेले नव्हते. प्रतापसिंहांचा दावा मांडण्यासाठी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे अर्जविनंत्या करून परतलेले रंगो बापूजी गुप्ते आता साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव करीत होते, आणि रामोशी, मांग, कोळी या समाजांतील माणसे त्यांच्या बाजूस येत होती. ठरलेल्या वेळेपूर्वीच बातमी फुटली. मॅजिस्ट्रेट रोझ याने धरपकड सुरू केली. जूनमध्ये मानसिंग नावाच्या शिपायाला फाशी देण्यात आली आणि ऑगस्टमध्ये राजघराण्यातील मंडळींना साताऱ्याहून हलवून पुढे कराचीस ठेवण्यात आले. खास न्यायमंडळाने दोषी ठरवलेल्या १७ जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर देहदंड देण्यात आला. पाचांना फाशी दिले, सहांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहांना गोळ्या घातल्या. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम यांच्यात होता. स्वतः रंगो बापूजी मात्र इनाम जाहीर होऊनही कधीच सापडले नाहीत.

कंपनीचा कारभार संपल्यावर ब्रिटिश सरकारने दत्तक नामंजूर करण्याचे धोरण सोडले. भोर, औंध, फलटण आणि जत येथील जहागीरदारांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या आणि ती संस्थाने स्वातंत्र्यापर्यंत टिकली. ज्या साताऱ्याच्या गादीखाली ही घराणी एकेकाळी होती, ती गादी मात्र पुन्हा स्थापन झाली नाही आणि तिचा मुलूख मुंबई इलाख्याचा एक जिल्हा म्हणून कलेक्टरच्या ताब्यात राहिला.