पोटॅशियम केळ्यांनी भरून निघत नाही
‘पोटॅशियम घसरलंय? दोन केळी द्या, शहाळं पाजा.’ वॉर्डात हे रोज कानावर येतं. जरा हिशेब करू. मध्यम केळ्यात साधारण ११ मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. रक्तातली पातळी लिटरमागे ४ वरून ३ वर आली, तर अख्ख्या शरीरातली तूट २०० ते ४०० मिलीइक्विव्हॅलंटच्या घरात जाते. म्हणजे किमान दीड डझन केळी! उलट्यांमुळे पोटॅशियम घसरलं असेल, तर सोबत क्लोराइडही गेलेलं असतं, ते केळ्यात नगण्य. म्हणून ते तोंड वाकडं करायला लावणारं खारट पोटॅशियम क्लोराइडचं सिरप, पाण्यात मिसळून. पातळी फारच खाली असेल किंवा ईसीजी बिघडला असेल, तर सलाइनमधून, तेही सावकाश; थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं. एवढं करूनही आकडा हलत नसेल, तर मॅग्नेशियम तपासतात. तेच कमी असलं, की दिलेलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.