गळू मानेवर, मलम नाकात

मागच्या मे महिन्यात बहिणीच्या पोराच्या मानेवर एकामागोमाग तीन गळवं आली. परभणीतला मे म्हणजे पारा ४२-४३ ला, पोरगं दिवसभर उन्हात क्रिकेट खेळणार आणि घरी आलं की आंब्यांवर तुटून पडणार, त्यामुळं घरच्यांचं निदान ठरलेलंच होतं, "आंबे बाधले, उष्णता झाली." शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "लेकराला नीट आंघोळ घालीत नाहीस का गं?" आणि ते ऐकून बहिणीला रडूच आलं. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गळू बघितलं, मग टॉर्च लावून नाकात बघितलं, आणि एक मलम लिहून दिलं, नाकपुडीत आतून लावायचं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. आज्जी म्हणाली, "गळू मानंवर अन् मलम नाकात? डॉक्टर चुकला."

डॉक्टर चुकला नव्हता. आणि बहिणीचंही काही चुकलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

गळू, केसतोड, डोळ्याची रांजणवाडी, यातल्या बहुतेकांच्या मागं एकच जंतू असतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवातला पू मायक्रोस्कोपखाली बघितला, तर त्यात गोल गोल दाणे द्राक्षाच्या घडासारखे लगडलेले, त्या घडावरूनच त्यांनी स्टॅफिलोकॉकस हे ग्रीक नाव दिलं. ऑरियस म्हणजे सोनेरी, कारण लॅबमधल्या बशीत वाढवला की त्याचा ठिपका पिवळसर सोनेरी दिसतो. आकार इतका लहान की एका मिलिमीटरच्या रेघेवर हजारभर मावतील.

आता हा अंगावर येतो कुठून, तर बहुतेक वेळा घरच्याच माणसांकडून. आईच्या पोटात बाळाच्या कातडीवर जवळपास काहीच नसतं, बाहेर आल्याबरोबर वस्ती सुरू होते. नॉर्मल डिलिव्हरी झाली तर आईच्या जननमार्गातले जंतू आधी लागतात, सिझेरियन झालं तर माणसांच्या कातडीवरचे, आणि त्यात स्टॅफच्या कुळातले बरेच असतात. पुढं पाजणं, मालिश, पापे, कडेवर घेणं, बाळंतिणीला बघायला आलेल्या सगळ्यांचे हात. पहिल्या दोन महिन्यांत जवळपास निम्म्या बाळांच्या नाकात ऑरियस सापडतो आणि आईच्या नाकात असेल तर बाळाकडं बहुतेक तिचाच वाण असतो. नंतर बऱ्याच लेकरांच्या नाकातून तो आपोआप निघून जातो. मोठ्या माणसांत साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या नाकात तो कायम राहतो, काहींच्या येतो-जातो, काहींकडं टिकतच नाही.

नाकच का, हे मला सगळ्यात भारी वाटतं. शेंबडाची ओलसर जागा आत असते, त्याच्या अलीकडं, जिथं बोट सहज पोचतं तिथं आतून कातडीच असते, केस असलेली. त्या कातडीच्या वरच्या मेलेल्या पेशींमध्ये लोरिक्रिन नावाचं प्रथिन असतं आणि ऑरियसच्या अंगावर क्लम्पिंग फॅक्टर बी नावाचं दुसरं, ते या लोरिक्रिनला घट्ट धरतं. हे २०१२ साली डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं, ज्या उंदरांमध्ये लोरिक्रिनच नव्हतं त्यांच्या नाकात हा जंतू नीट टिकला नाही.

पण पकड असली म्हणून कुठल्याही नाकात राहता येतं असं पण नाही. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला एक प्रयोग झाला, २००४ साली छापून आला. काही माणसांची नाकं आधी औषधानं साफ केली आणि मग सगळ्यांच्या नाकात ऑरियसच्या वेगवेगळ्या वाणांचं मिश्रण मुद्दाम सोडलं. ज्यांच्याकडं तो मुळात नसायचा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नाकातून तो लवकरच नाहीसा झाला, आणि जे कायमचे बाळगणारे होते त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नाकात त्या गर्दीतून त्यांचा स्वतःचा जुनाच वाण परत टिकला. म्हणजे कुणाच्या नाकात कोण राहणार हे त्या माणसाचं शरीर पण ठरवतं, नुसती आंघोळ नाही. काकूंना हे सांगायचं राहून गेलं.

शिवाय शेजारी असतात. प्रत्येकाच्या कातडीवर असणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, त्याचे काही वाण असं एन्झाइम सोडतात की ऑरियसला थर करून बसता येत नाही. आणि २०१६ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या लोकांना नाकातल्याच स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिसमध्ये चक्क एक अँटिबायोटिक सापडलं, लुग्डुनिन, ऑरियसला मारणारं. त्यांनी १८७ पेशंटची नाकं तपासली, तर लुग्डुनेन्सिस नसलेल्यांत ३४.७ टक्के लोकांकडं ऑरियस होता आणि असलेल्यांत फक्त ५.९ टक्के. एवढ्याशा नाकपुडीत जागेसाठी एवढी झटापट चालू असते.

मग मानेवरचं गळू? नाकात बोट जातं, तेच बोट घामोळ्या खाजवायला मानेवर. घामानं कातडी मऊ झालेली, कॉलरनं घासून बारीक चिरा पडलेल्या, आणि या जंतूला घामातल्या मिठाचं काहीच वाटत नाही, लॅबमध्ये तर त्याला ओळखायला साडेसात टक्के मीठ घातलेल्या बशीत वाढवतात, जिथं बाकीचे बरेच जंतू वाढतच नाहीत. केसाच्या मुळाशी शिरला की शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या लढाईचा पू होतो. हे सगळं उकाड्यात जास्त होतं आणि आपल्याकडं उकाडा अन् आंबे एकाच महिन्यात येतात, बिचाऱ्या आंब्यावर म्हणून आळ.

गळू पिळू नका एवढं मात्र कळकळीनं सांगतो, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाजवळचं. ताप आला, लाली पसरायला लागली किंवा गळू शुगरच्या पेशंटला झालं असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. कारण हाच जंतू रक्तात गेला की जिवावर बेततं, आणि २००१ च्या एका जर्मन अभ्यासात रक्तात ऑरियस सापडलेल्या पेशंटपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांत रक्तातला आणि नाकातला वाण एकच निघाला होता.

मलमानं पोराचं नाक साफ झालं, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की बऱ्याच जणांत काही आठवड्यांनी-महिन्यांनी तो परत येतो, घरातल्याच दुसऱ्या कुणाच्या नाकातून, एकाच टॉवेलवरून, एकाच उशीवरून. म्हणून त्यांनी पोराचा टॉवेल वेगळा करायला लावला आणि मलमाची दुसरी ट्यूब बहिणीच्या नावानं लिहून दिली.