उघड्यावर उभ्या विमानाला कव्हर कसं घालावं

सेसना 172 या चार आसनांच्या विमानाच्या पुस्तिकेत एक सूचना आहे. पाऊस अंगावर गोठण्याची किंवा हिमकण पडण्याची शक्यता नसेल, तर काचांवर कॅनव्हासचं कव्हर घालू नका, ओरखडे पडतील. 1956 पासून 44,000 हून जास्त संख्येने बनलेल्या विमानाचा उत्पादकच हे सांगतो आहे. महाराष्ट्रात पाऊस काही अंगावर गोठत नाही. मग ही सूचना अक्षरशः पाळायची, तर बारामती, धुळे किंवा गोंदियाच्या धावपट्टीशेजारी उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाला कव्हर घालूच नये असा अर्थ निघतो. तसं मात्र नाही. सूचनेचा रोख आहे तो खरखरीत कापडावर आणि त्याच्याखाली अडकणाऱ्या धुळीवर. उन्हाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे तोच मोठा आहे.

छोट्या विमानाची 'काच' काच नसते, ते ॲक्रिलिक असतं. हलकं, पारदर्शक, वाकवून आकार देता येणारं, पण मऊ. दख्खनच्या काळ्या दगडाच्या धुळीतले कण ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. कव्हर सैल असलं की वाऱ्याने ते रात्रभर फडफडतं आणि मधली धूळ पॉलिश पेपरसारखी काचेवर फिरत राहते. दुसरा शत्रू म्हणजे ऊन. अतिनील किरण आणि रोजचं तापणं-निवणं यांमुळे ॲक्रिलिकमध्ये केसाहून बारीक भेगांचं जाळं तयार होतं. भरदुपारी ते जाळं दिसतही नाही. संध्याकाळी सूर्य समोर असताना धावपट्टीकडे वळलं, की प्रत्येक भेग चमकते आणि सगळी काच पांढरी होते. धावपट्टी नेमकी तेव्हाच दिसायला हवी असते. अशा भेगा पॉलिश करून जात नाहीत, काच बदलावी लागते.

काचेच्या आतून लावायचे चंदेरी पडदे स्वस्त असतात आणि दोन मिनिटांत बसतात. प्रवासात तासा-दोन तासांसाठी ते ठीक. रोजच्या वापराला मात्र बाहेरचं कव्हरच हवं, कारण आतला पडदा ऊन अडवतो ते काच ओलांडून आल्यानंतर. परतवलेलं ऊन पुन्हा काचेतूनच बाहेर जातं आणि पडदा व काच यांच्यामधली हवा तापून काचेला चिकटून राहते. उपकरणं वाचतात, काच वाचत नाही. विदर्भात मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना बंद केबिनचा पारा 65-70 च्या घरात जाऊ शकतो. त्या उष्णतेत स्क्रीनची उपकरणं, रबरी सील, आसनांचा फोम, सगळ्यांचंच आयुष्य घटतं.

कापड निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती कापड श्वास घेतं का. बाजारातली प्लॅस्टिकची ताडपत्री पाणी शंभर टक्के अडवते, आणि आतली वाफही तितकीच अडवते. दिवसा आतली ओल वाफ होते, पहाटे तीच ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन विमानावर टपकते. अशी ओल, तिच्यात धूळ आणि किनाऱ्यालगत असाल तर मीठ, हे मिश्रण रंगाखाली शिरलं की ॲल्युमिनियमवर बारीक खड्डे पडतात. समुद्राला लागून असलेल्या जुहूसारख्या ठिकाणी तर ताडपत्री घालण्यापेक्षा विमान उघडं ठेवून गोड्या पाण्याने वरचेवर धुणं बरं.

या कामाला चांगलं कापड म्हणजे धागा ओढण्याआधीच रंग मिसळलेलं ॲक्रिलिक विणकाम. नौकांची कव्हरं आणि दुकानांच्या चांगल्या छत्र्या याच कापडाच्या असतात. चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅम वजनाचं घ्यावं. रंग धाग्याच्या पोटात असल्याने तो सहज विटत नाही. विणीवरच्या लेपामुळे पाण्याचे थेंब ओघळून जातात आणि वाफेला मात्र वाट मिळते. नायलॉन टाळावं, उन्हात ते लवकर कुजतं. जो भाग काचेवर येतो तिथे आतून मऊ अस्तर हवंच. बक्कल प्लॅस्टिकची असावीत आणि प्रत्येक बक्कलमागे कापडाची पट्टी शिवलेली असावी, नाहीतर काचेऐवजी रंगाला ओरखडे पडतील. रंग फिका निवडावा. कंपोझिटच्या, म्हणजे धातूऐवजी तंतू आणि रेझिन यांच्या थरांनी बनलेल्या, विमानांबाबत तर यात तडजोड नको. त्यांच्यातलं रेझिन तापू नये म्हणूनच ती विमानं पांढरी रंगवलेली असतात, त्यांच्यावर गडद कापड पसरणं म्हणजे तो सगळा विचार झाकून टाकणं.

घालण्याची रीत कापडाइतकीच महत्त्वाची. इंजिन बंद केल्यावर निदान पाऊण तास थांबावं. इंजिनाच्या तोंडात बसवायचा फोमचा प्लग तापलेल्या धुराड्याला टेकला तर वितळतो, आणि इंजिनातली वाफ निघून जाण्याआधीच तोंड बंद केलं तर ओल आतच राहते. मग काच धुवायची. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, नंतर हाताच्या तळव्याने किंवा मऊ सुती कापडाने वर-खाली पुसायचं. गोल-गोल पुसलं तर ओरखड्यांची कडी तयार होतात आणि उन्हात ती सूर्याभोवती खळ्यासारखी दिसतात. घरातला काच-क्लीनर, पेट्रोल, स्पिरिट, थिनर यांतलं काहीही ॲक्रिलिकला लावू नये, त्याने भेगा पडतात. काच पूर्ण कोरडी झाल्यावर कव्हर छतावर ठेवून पुढे-मागे उलगडायचं, ओढत न्यायचं नाही. अँटेनांना त्यांच्या खिशात बसवून पोटाखालचे पट्टे आवळायचे. पट्टा ओढल्यावर कापड कुठेही फडफडता कामा नये. काढताना आतली बाजू आतल्या बाजूवरच दुमडायची. घाईत कव्हर जमिनीवर पसरलं आणि त्याची आतली बाजू मातीला लागली, तर पुढच्या वेळी तीच माती तुम्ही स्वतःच्या हाताने काचेवर घासाल.

पैसे मोजकेच असतील तर मोठ्या कव्हरआधी छोटी झाकणं घ्यावीत. किंमत सगळ्यात कमी, आणि जीव वाचवण्याची ताकद सगळ्यात जास्त, असं हे सामान आहे. डाव्या पंखाखाली पिटो नळी असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजून तीच वेग दाखवते. भोक काही मिलिमीटरचं, म्हणजे कुंभारीण माशीला मातीचं घर करायला अगदी मापाचं. फक्त तोंड बुजलं आणि पाणी निघून जाण्याचं बारीक छिद्र उघडं राहिलं, तर काटा शून्याकडे घसरतो. दोन्ही बुजली तर फसवणूक अधिक वाईट होते. विमान वर चढतं तसा वेगाचा काटाही चढत जातो, प्रत्यक्ष वेग कमी होत असला तरी. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बर्गनएअरचं बोइंग 757 असंच कोसळलं आणि 189 माणसं गेली. विमान जमिनीवर उभं असताना पिटो नळ्यांना झाकणं नव्हती, आणि संशय होता तो कुंभारीण माशीच्याच घरट्यावर.

इंजिनाच्या पुढच्या दोन तोंडांना फोमचे प्लग लागतात. साळुंकीला ही पोकळी फार आवडते. काही तासांत ती आत काड्या-गवत भरते, आणि ते सगळं इंजिनाच्या गरम भागांवर पडून असतं. दोन्ही प्लग एका दोरीने जोडलेले असावेत आणि ती दोरी नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आड येईल अशी घ्यावी, म्हणजे कोणी प्लग न काढताच इंजिन सुरू केलं तर पहिल्याच फेऱ्यात ते उडून बाहेर पडतात. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरचं स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल तुटण्याच्या, इशाऱ्याचं भोक आणि पंखाखालची टाकीची हवानळी या दोन जागाही किडे सोडत नाहीत.

झाकण घालणाऱ्याने ते काढण्याची सोय आधी करायला हवी. लिमाहून निघालेलं एरोपेरूचं 757 विमान 2 ऑक्टोबर 1996 ला समुद्रात पडलं आणि त्यातले सगळे 70 जण गेले. धुताना स्थिर दाबाच्या छिद्रांवर, म्हणजे उंची आणि वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. जुलै 2018 मध्ये ब्रिस्बेनहून मलेशियन एअरलाइन्सचं एअरबस ए330 तिन्ही पिटो नळ्यांवर झाकणं असतानाच उडालं. झाकणं घातली होती ती तिथल्या माश्यांपासून वाचवण्यासाठीच. सुदैवाने ते सुखरूप उतरलं. म्हणून प्रत्येक झाकणाला लांब लाल फीत हवी, चिकटपट्टी कधीच नको. झाकणांची संख्या पिशवीवरच लिहून ठेवावी, आणि पिशवीतली मोजणी जुळल्याशिवाय चावी फिरवू नये.

वळवाचा वारा ही निराळी लढाई आहे. सेसना 172 च्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे 16 चौरस मीटर. ताशी 74 किलोमीटरचा झोत वाईट कोनातून आला तर पंखावर 400 किलोच्या आसपास उचल येऊ शकते, आणि रिकामं विमानच जेमतेम साडेसातशे किलोचं. पुस्तिका सांगते की पंख, शेपूट आणि नाक बांधायला प्रत्येक दोर निदान 320 किलोचा ताण सोसणारा हवा. पॉलिएस्टरचा दोर घ्यावा. काथ्यासारखे नैसर्गिक दोर भिजले की आखडतात आणि बांधणीवरच ताण आणतात, नायलॉन ताणला जातो. नाक वाऱ्याकडे, पंखामागचे फ्लॅप वर, स्टिअरिंगला कुलूपपिन, चाकांना ठोकळे. पंखांची कव्हरं असतील तर त्यांच्यावर आडवी उंचवट्याची पट्टी शिवलेली घ्यावी. तिने पंखावरचा प्रवाह मोडतो आणि उचल घटते. सैल मोठं कव्हर मात्र शीड होऊन बसतं.

पावसाळ्यात कव्हर घालून निर्धास्त होऊ नये. टाकीची झाकणं पंखाच्या वर असतात, त्यांचं सील कडक झालं की पाणी थेट इंधनात. नव्या 172एस मध्ये इंधन काढून पाहायच्या 13 जागा आहेत, पावसानंतर प्रत्येक जागेहून नमुना घ्यावा. पाणी जड, ते तळाशी वेगळं दिसतं. आठवड्यातून एकदा, उघडीप मिळाली की कव्हर पूर्ण काढून विमान आणि कापड दोन्ही वाळवावं आणि आत उंदरांचा माग आहे का ते पाहावं. उंदराचं मूत्रही ॲल्युमिनियम खातं. इंजिनाचं गंजणं कोणतंही कव्हर थांबवत नाही. 172एस मधल्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, उभ्या विमानात त्यावरचं तेल ओघळून जातं आणि दमट हवेत तो काही दिवसांतच गंजू लागतो. पंखा हाताने फिरवून ठेवला तर उरलेलं तेलही पुसलं जातं, तो उपाय करूच नये. महिन्यातून एकदा तरी तासभर उडवून तेल 75 ते 90 अंशांपर्यंत तापवणं, आणि ते जमणार नसेल तर गंजरोधक तेल भरून स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणारे सिलिका जेलचे प्लग बसवणं, हेच खरे मार्ग.

कव्हर धुताना सौम्य साबण आणि 38 अंशांखालचं पाणी घ्यावं. साबणाचा अंश कापडात राहिला तर पाणी ओघळण्याऐवजी मुरतं, म्हणून खळबळून धुवावं आणि सावलीत वाळवावं. वरून ओतलेल्या पाण्याचे थेंब बनेनासे झाले की लेप पुन्हा द्यायचा. कापडाआधी दगा देते ती शिलाई, कारण साधा पॉलिएस्टर धागा उन्हाने कुजतो. पट्ट्याजवळचा टाका नखाने ओढून पाहावा. तुटला तर कापड चांगलं असलं तरी सगळी शिवण नव्याने, शक्यतो पीटीएफई (टेफ्लॉन) धाग्याने, घालून घ्यावी.