जॅझ नाइट (मुंबई)

रेस्तराँ, कॅफे किंवा बारच्या कोपऱ्यात तीन ते पाच वादकांनी, ऐकणाऱ्यांपासून हाताच्या अंतरावर वाजवलेला जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन समाजातून आलेलं, वाजवता वाजवता नवीन रचलं जाणारं संगीत. मोठ्या हॉटेलच्या बॉलरूममधला बँड किंवा महोत्सवातला कार्यक्रम यात धरत नाहीत, निदान या नोंदीत तरी धरलेला नाही, कारण दोन्हीकडचं ऐकणं वेगळं असतं.

जॅझ हा शब्दच मुळात वादाचा. छापील उल्लेख आधी सापडतो तो १९१२-१३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या वर्तमानपत्रांत, आणि तोही बेसबॉलच्या संदर्भात, जोश-दम अशा अर्थाने. संगीताला हा शब्द लागलेला दिसतो १९१५ च्या आसपास शिकागोत. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर जॅझचं माहेर मानतात, तिथे हे संगीत आधीपासून होतं, पण तिथे त्याला याच नावाने ओळखत असत असं म्हणायला आधार कमी आहे. आफ्रिकी भाषांतून किंवा फ्रेंचमधून व्युत्पत्ती सांगतात त्या ऐकायला छान वाटतात एवढंच.

मुंबईत जॅझ कधी आला यावर तर जास्तच मतभेद आहेत. एक मत असं की १९२० च्या दशकात केन मॅक वगैरेंचे डान्स बँड फॉक्सट्रॉट या जोडीनाचाच्या चाली वाजवायचे, तीच सुरुवात धरावी. कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलमधल्या जिमी लेक्विम यांच्या बँडचं १९२६ चं रेकॉर्डिंग आहे, म्हणजे तेव्हा हा सूर देशात पोचला होता हे नक्की. दुसरं मत १९३५ चं, त्या वर्षी लिऑन ॲबी हे व्हायोलिनवादक आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन ताजमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी क्रिकेट स्मिथ यांच्या बँडने मुंबईत रेकॉर्डिंगही केलं. नाचासाठी छापील नोटेशनवरून वाजवणं आणि वाजवता वाजवता नवीन रचणं यातला फरक महत्त्वाचा मानला तर १९३५ जास्त पटतं. पण ही दोन्ही मतं बॉलरूमबद्दलची आहेत, छोट्या जागेची गोष्ट त्यातून सुरू होत नाही, ती साधारण १९५० नंतर चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर सुरू होते असं धरणं बरं.

तिथे अगदी जवळजवळ गेलॉर्ड, बॉम्बेली, ॲस्टोरियातलं व्हेनिस, अँबॅसेडर, रिट्झ अशी ठिकाणं होती आणि बऱ्याच ठिकाणी रोज संध्याकाळी बँड असायचा. १९४९ च्या कायद्याने राज्यात दारूबंदी आली होती आणि परमिटशिवाय ग्लास मिळत नव्हता, तेव्हा कॉफीवर गिऱ्हाईक बसवून ठेवायला संगीतच उपयोगी पडलं असं काही जण मानतात. हे कारण एकटं पुरेसं वाटत नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. टोनी पिंटो अँबॅसेडरमध्ये बरीच वर्षं होते, व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी यांचा बँड आणि लोर्ना यांचं गाणं. कॉलेजची पोरं सुट्टीच्या दिवशी दिवसाउजेडीच जॅम सेशनला, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी वाजवतात त्या बैठकीला, जायची.

वादक बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या गावशाळांतून पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन वाचायला शिकवत, त्यामुळे ही मंडळी धोबीतलावच्या आसपास गावाच्या कुडांत, म्हणजे एकाच गावच्या गोवेकरांच्या सामाईक वसतिगृहांत, उतरली की लगेच कामाला लागायची. आल्दोनाचे चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, यांनी ट्रम्पेटवर अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगची शैली उचलली, आणि तेच हिंदी चित्रपटांचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याबरोबर काम करत होते. १९५१ च्या 'अलबेला'त ते बँडसकट पडद्यावरही दिसतात. दिवसा चित्रपटांचा स्टुडिओ, रात्री रेस्तराँ असं अनेकांचं चालायचं.

वाजवण्याची रीत बाहेरून सैल दिसते पण आतून घट्ट असते. बरीच जुनी गाणी ३२ मात्राखंडांची (इंग्रजीत बार), म्हणजे ८-८ चे चार तुकडे, पहिला, दुसरा आणि चौथा जवळपास सारखे, तिसरा वेगळा. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग तेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि त्यावर सॅक्सोफोन, पियानो, बास असे एकेक जण आपलं सांगतात (आपल्याकडे आवर्तन म्हणतो त्याच्या जवळचं, फक्त इथे तालाबरोबर कॉर्डही फिरतात), शेवटी ड्रमर आणि इतर चार-चार खंड वाटून घेतात आणि चाल परत येते. खोली लहान असली की ड्रमर काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतो, नाहीतर शेजारच्या टेबलवर बोलता येत नाही. एकेकट्याचा असा भाग, म्हणजे सोलो, संपला की मध्येच टाळ्या वाजवणं चालतं.

सत्तरच्या दशकात हे ओसरलं, रॉक आणि नंतर डिस्को आले, स्टुडिओचे पैसेही जास्त होते. १९७८ पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, पण तो मोठ्या मंचाचा मामला. पुढे लोअर परळचं ब्लू फ्रॉग (२००७ ते २०१६) आणि पुण्यात कोरेगाव पार्कजवळचं शिशा कॅफे इथे छोट्या जागेतला जॅझ पुन्हा ऐकू येऊ लागला. ३० एप्रिलला, युनेस्कोच्या जॅझ दिनी, एरवी हिंदी गाणी लावणारे कॅफेसुद्धा एखादं त्रिकूट बोलावतात.