वीज वितरण जाळ्याचे नियोजन (गोवा)

उपकेंद्रातून निघालेली वीज घराच्या, दुकानाच्या किंवा कारखान्याच्या मीटरपर्यंत ज्या तारा, केबल, खांब आणि रोहित्रांमधून (ट्रान्सफॉर्मरमधून) पोचते, त्या सगळ्यांचे मिळून वितरण जाळे होते. येत्या पाच-दहा वर्षांत कुठल्या भागात किती वीज लागेल, कोणते रोहित्र बदलावे लागेल, नवी वाहिनी कुठून न्यायची आणि तिचा खर्च कोणाकडून कसा वसूल करायचा, हे आधीच ठरवणे म्हणजे वितरण नियोजन. भारतीय संविधानात वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे. कायदा केंद्राचा असला तरी शेवटच्या खांबापर्यंतची जबाबदारी राज्यातल्या वितरण परवानाधारकाची असते. कार्यक्षम, समन्वित आणि किफायतशीर वितरण व्यवस्था उभारून ती सांभाळणे हे २००३ च्या वीज कायद्याच्या ४२व्या कलमाने त्याच्यावर घातलेले कर्तव्य आहे.

गोव्यात या विषयाला वेगळेच वजन आहे. राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. सांकवाळचा ४८ मेगावॅटचा, नाफ्थावर चालणारा खासगी प्रकल्प काही वर्षे वीज देत असे, पण गोव्याची मुख्य भिस्त पहिल्यापासून बाहेरच्या विजेवर आहे. कोरबा, विंध्याचल, सिपत येथील औष्णिक केंद्रे, कवास व गंधार येथील वायूवर चालणारी केंद्रे, काक्रापार व तारापूर येथील अणुकेंद्रे आणि दक्षिणेकडून रामगुंडम यांतून गोव्याला हिस्सा मिळतो. निर्मिती छत्तीसगडात किंवा मध्य प्रदेशात होते आणि अतिउच्च दाबाच्या वाहिन्या बऱ्याच अंशी केंद्रीय यंत्रणेच्या आहेत. गोव्याने स्वतः ठरवावे, स्वतः बांधावे आणि स्वतःच निस्तरावे असे या साखळीत एकच अंग उरते, ते वितरणाचे. राज्याच्या वीज धोरणाची खरी कसोटी म्हणूनच इथे लागते. किती मेगावॅट वीज विकत घेतली, याने ती लागत नाही.

जडणघडण

पोर्तुगीज अमदानीत वीज मोजक्या शहरांपुरती होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ मध्ये सरकारचे स्वतंत्र वीज खाते सुरू झाले. इतर बहुतेक राज्यांनी १९४८ च्या कायद्याखाली वीज मंडळे स्थापन केली आणि पुढे त्यांच्या कंपन्या केल्या. गोव्यात मंडळ झाले नाही आणि कंपनीही नाही. वीज आजही सरकारी खातेच देते. पूर्वी एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या दमण व दीवची वाट मात्र निराळी झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाल्यावर तो प्रदेश वेगळा राहिला आणि दादरा-नगर हवेलीसह तिथले वितरण एप्रिल २०२२ मध्ये खासगी भागीदाराच्या कंपनीकडे गेले.

गोव्यातल्या जाळ्याला दाबाच्या पायऱ्या आहेत. बाहेरून येणारी वीज ४०० आणि २२० किलोव्होल्टवर येते. फोंडा, थिवी, शेल्डे अशा ठिकाणच्या मोठ्या उपकेंद्रांत ती ११० किंवा ३३ किलोव्होल्टवर उतरते. तालुक्यांतल्या उपकेंद्रांत ३३ चे ११ किलोव्होल्ट होतात आणि वाड्यावरच्या रोहित्रात ११ किलोव्होल्टचे ४०० व्होल्ट. घरात येणारी एक फेज, म्हणजे रोहित्रातून निघणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एक, २३० व्होल्टची. ती सहा टक्क्यांच्या वर किंवा खाली जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. संध्याकाळी पंखा मंदावतो आणि ट्यूब लुकलुकते, तेव्हा बहुतेक वेळा खालची मर्यादा ओलांडलेली असते आणि दोष शेवटच्या दोन पायऱ्यांत असतो.

आराखडा कोण ठरवते

कागदावर हे काम पाच-सहा टेबलांवर वाटलेले आहे. केंद्रीय वीज प्राधिकरण ठरावीक काळाने देशभराचे विद्युत सर्वेक्षण करते. त्यातले विसावे नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्याच्या मागणीचा अंदाज तिथे असतो, पण तो संबंध राज्याचा मिळून असतो. वीज खाते आपला गुंतवणूक आराखडा आणि महसुली गरज संयुक्त वीज नियामक आयोगापुढे मांडते. हा आयोग गोवा आणि काही केंद्रशासित प्रदेशांसाठी एकच आहे आणि त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे. गोवा त्यात २००८ मध्ये सामील झाला. आयोग काही वर्षांच्या नियंत्रण कालावधीसाठी खर्च तपासतो, लोकांच्या हरकती ऐकतो आणि दर ठरवतो. खाते सरकारी असल्यामुळे तोच खर्च विधानसभेच्या अर्थसंकल्पातूनही जावा लागतो. एकाच उपकेंद्राला दोन दारांतून मंजुरी लागते आणि दोन्ही दारे एकाच दिवशी उघडतील याची खात्री नसते.

केंद्राच्या योजना हा तिसरा धागा. २००८ चा पुनर्रचित वेगवान वीजविकास कार्यक्रम, २०१४ च्या शहरी व ग्रामीण योजना आणि जुलै २०२१ मध्ये जाहीर झालेली सुधारित वितरण क्षेत्र योजना, अशी त्यांची मालिका आहे. शेवटच्या योजनेचा एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा आहे. देशातली तांत्रिक व वाणिज्यिक गळती (तारांत वाया जाणारी आणि पैसे वसूल न होणारी वीज) १२ ते १५ टक्क्यांवर आणणे आणि प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणे हे तिचे गाभ्याचे उद्देश. या पैशाने पुष्कळ कामे झाली आणि होतही आहेत. पण योजनेत जे बसते ते आधी आणि गावाला जे हवे ते नंतर, अशी सवय यातून लागते. मीटरसाठी निधी आहे म्हणून मीटर आधी लागतो आणि त्याच वाड्यावरचे जुने रोहित्र पुढच्या योजनेची वाट बघत राहते. राज्याकडे रोहित्रागणिक स्वतःची यादी तयार असेल, तर येणारा निधी त्या यादीत बसवता येतो. यादी नसेल तर निधीप्रमाणे यादी बनते.

भाराचा अंदाज

नियोजनातला सर्वांत नाजूक भाग भाराच्या अंदाजाचा. गोव्यात राज्याच्या एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही, कारण इथला भार जागा बदलतो.

सत्तरी किंवा फोंडा तालुक्यातला एक वाडा घ्यावा. समजा १०० केव्हीएचे एक रोहित्र आहे (केव्हीए हे त्याच्या क्षमतेचे माप, ढोबळपणे किलोवॅटइतकेच) आणि त्यावर साठ घरे. एरवी यातली वीस-पंचवीस घरे बंद असतात. माणसे पणजी, वास्को, मुंबई अशी नोकरीधंद्याला विखुरलेली. घरटी सरासरी एक किलोवॅट धरला, तरी रोहित्र निवांत असते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी साठही घरे उघडतात. देवाच्या खोलीत फळाफुलांची माटोळी बांधलेली, तिच्यावर दिव्यांच्या माळा, अंगणात हॅलोजन, रांधपात मिक्सर आणि दुसरा फ्रीज, मुंबईहून आलेल्यांसाठी वरच्या खोलीत एसी. सरासरी दोन किलोवॅटवर जाते आणि भार १२० किलोवॅटवर. त्यात वाड्यातली निम्मी घरे वर्षानुवर्षे एकाच फेजवर जोडली गेलेली असतात. एका फेजचा वाटा जेमतेम ३३ केव्हीए, म्हणजे सुमारे १४४ अँपिअर. तिथली फ्यूज आधी उडते आणि उरलेल्या दोन फेजवर भार कमीच असतो. घुमट आरतीला माणसे उभी असताना अर्धा वाडा अंधारात जातो. नव्या रोहित्रापूर्वी इथे करण्यासारखे साधे काम म्हणजे घरे तिन्ही फेजवर सारखी वाटणे. त्याला खर्च नगण्य लागतो, मात्र कोणते घर कुठल्या फेजवर आहे याची नोंद लागते.

किनाऱ्यावर चित्र उलटे. कळंगुट, कांदोळी, हणजुणे भागात भार नाताळ ते नववर्ष या दिवसांत चढतो आणि जून-जुलैत ओसरतो. पर्वरी, ताळगाव, दोनापावल इथल्या नव्या इमारतींचा प्रश्न तिसराच. मंजूर भार मोठा असतो, पण कित्येक सदनिका वर्षातून पंधरा दिवस उघडतात. मंजूर भारावर आराखडा केला तर पैसा वाया जातो आणि प्रत्यक्ष वापरावर केला तर सगळे एकदम आल्यावर वाहिनी कोलमडते. कुंकळ्ळी, वेर्णा, कुंडई इथल्या औद्योगिक वसाहतींत भार तुलनेने स्थिर असतो. मात्र लोखंड वितळवणारी एक भट्टी चालू-बंद झाली, तरी त्या वाहिनीचा दाब हलतो. २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख लोकसंख्या असलेल्या या राज्यात इतके वेगवेगळे भार शेजारीशेजारी आहेत.

स्मार्ट मीटरचा खरा उपयोग इथे आहे. बिलवसुलीसाठी तो लावला जातो, पण दर पंधरा मिनिटांचे किंवा अर्ध्या तासाचे वापराचे आकडे रोहित्रागणिक एकत्र केले, तर चवथीला कोणते रोहित्र बसेल हे मे महिन्यातच कळू शकते. रोहित्रांवरही मीटर हवेत आणि कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर आहे याचा नकाशा बिनचूक हवा, एवढ्या दोन अटी.

पाऊस, झाडे आणि भूमिगत वाहिन्या

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. उघड्या ११ किलोव्होल्टच्या तारा पोफळीच्या कुळागरांतून, माडांच्या ओळींतून आणि काजूच्या डोंगरांवरून गेल्या आहेत. माडाचे एक ओले चुडत दोन तारांवर आडवे पडले की अख्खी वाहिनी बंद होते. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर क्षाराचा थर बसतो आणि पहिल्याच सरीला तो ठिणग्या टाकू लागतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे कोसळून खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. तो कोविडच्या दुसऱ्या लाटेचा काळ होता. इस्पितळे आणि घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेले रुग्ण यांच्या दृष्टीने खांब पडणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात गोव्याने पाहिले.

तेव्हापासून भूमिगत वाहिन्यांची मागणी वाढली आणि शहरांत व किनारी भागांत तशी कामे हाती घेतली गेली. भूमिगत केबल वाऱ्याला आणि झाडाला भीत नाही, हे खरे. पण तिचा खर्च उघड्या तारेच्या कित्येक पट असतो. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राने जागा शोधून रस्ता खोदावा लागतो. बहुतेक बिघाड केबलच्या जोडांवर होतात, आणि घाईघाईत, ओलसर खड्ड्यात केलेला जोड पहिल्या पावसाळ्यात दगा देतो. जलवाहिनीसाठी जेसीबी लावणाऱ्याला खाली वीजवाहिनी आहे हे ठाऊक नसते आणि एका फावड्यात चार वाडे अंधारात जातात. म्हणून भूमिगत कामाबरोबर जमिनीखालचा सामाईक नकाशा हवाच. जिथे भूमिगत परवडत नाही तिथे आवरण असलेल्या तारा हा मधला मार्ग आहे, आणि विरळ वस्तीच्या सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या तालुक्यांना तोच अधिक शोभतो. वाहिनीला दोन्ही टोकांकडून वीज मिळेल अशी कडी करणे हा आणखी एक उपाय. बिघाडाचा तुकडा तोडून बाकीच्या घरांना दुसऱ्या बाजूने वीज देता येते. हा उपाय फोटोत दिसत नाही आणि उद्घाटनालाही फारसा शोभत नाही, पण अंधाराचे तास सर्वांत जास्त यानेच कमी होतात.

छतावरची वीज

गोव्याने २०१७ मध्ये सौर धोरण आणले. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. छतावर तयार झालेली वीज दुपारी उलट्या दिशेने रोहित्राकडे जाते. एका दिशेने वाहण्यासाठी आखलेल्या जाळ्यात दुपारी दाब वाढतो आणि रात्री, एसी चालू झाल्यावर, घटतो. आराखड्याला आता दोन्ही टोके सांभाळावी लागतात.

हा अनुभव इतरांनी आधी घेतला आहे. हवाईत छतावरचे सौरसंच इतके वाढले की २०१३ मध्ये अनेक वाहिन्यांवर नव्या जोडण्या रखडल्या. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने वितरण कंपन्यांना स्थानिक निर्मितीचे आराखडे सादर करायला लावले. कुठल्या वाहिनीवर आणखी किती सौर बसेल याचे नकाशे तिथे लोकांना पाहता येतात. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन व क्वीन्स भागात सुमारे १२० कोटी डॉलरचे उपकेंद्र लागणार होते. तिथल्या नियामकाने २०१४ मध्ये २० कोटी डॉलरच्या पर्यायी कार्यक्रमाला मंजुरी दिली: दिवे बदलणे, मागणी आटोक्यात ठेवणे, बॅटऱ्या बसवणे. उपकेंद्र पुढे ढकलता आले. गोव्यात अशा नकाशाची गरज त्यांच्याइतकीच आहे. सौरसंचाचा अर्ज भरण्याआधी आपल्या रोहित्रावर जागा आहे का, हे साखळीतल्या किंवा पेडण्यातल्या माणसाला घरबसल्या कळायला हवे.

जमीन आणि जंगल

उपकेंद्राला जमीन लागते आणि गोव्यात जमीन कोमुनिदादीची (जुन्या गावसंस्थेची), देवस्थानाची, कुळांची किंवा कित्येक वारसांच्या नावावरची असते. खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, खांब पुरला तर बांध आणि मानशी (पाण्याची दारे) यांचा विचार करावा लागतो. बाहेरची वीज गोव्यात आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या तमनार प्रकल्पाने हा प्रश्न साऱ्या देशापुढे आणला. मोलेच्या अभयारण्यातून नवी मार्गिका कापण्याला लोकांनी जोरदार विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये, जंगलातून नवी मार्गिका न कापता असलेल्या २२० किलोव्होल्टच्या मार्गिकेचा वापर करावा, अशी शिफारस केली. तो प्रकल्प वितरणाचा नसून पारेषणाचा (उच्च दाबाने दूरवर वीज नेण्याचा) होता, पण वितरणालाही त्यातून एक रीत घेता येते: मार्ग ठरवून झाल्यावर हरकती मागवण्याऐवजी मार्ग ठरवतानाच गावाला नकाशा दाखवावा.

खांबावरची माणसे

आराखड्यात लाईनमनचा रकाना बहुधा नसतो. भर पावसात, रात्री दोन वाजता, शिडी खांद्यावर घेऊन चिखलातून वाट काढणारा माणूस हाच जाळ्याचा शेवटचा दुवा आहे. त्याच्या जिवाला मोठा धोका उलट्या विजेचा. वाहिनी बंद करून तो तारेला हात लावतो आणि तेवढ्यात एखाद्या बंगल्यातला जनरेटर, चेंजओव्हर स्विचशिवाय (घर बाहेरच्या तारेपासून तोडणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेला, आपली वीज तारेत सोडतो. रोहित्रातून उलट जाताना ती पुन्हा ११ किलोव्होल्ट होते. सौरसंचाच्या इन्व्हर्टरने बाहेरची वीज गेल्याबरोबर स्वतः थांबावे हा नियम याचसाठी आहे. जनरेटरसाठी तशी आपोआप व्यवस्था नसते, तिथे जोडणी तपासावीच लागते. काम सुरू करण्याआधी तार मृत आहे का हे तपासणे आणि दोन्ही बाजूंनी ती जमिनीशी जोडणे हा त्यावरचा जुना व खात्रीचा इलाज आहे. त्यासाठी प्रत्येक पथकाकडे अर्थिंगचे दोन संच, दाब तपासणारा दांडा आणि रबरी हातमोजे असावे लागतात, आणि हातमोजे दर पावसाळ्याआधी तपासून घ्यावे लागतात.