कोकणातील नाणी व त्यांची लोकनावे

कोकण किनाऱ्यावरील बाजारांत उत्तर मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत चाललेली नाणी आणि त्यांना पडलेली नावे. यांतील बरीच नावे नाण्यावर कोरलेली नाहीत. आकार, किंमत, मूळ गाव किंवा राजाचे नाव यांवरून ती लोकांनीच पाडली.

यांत सर्वांत वेगळी लारी. इराणातील लार या शहरावरून हे नाव आले, असे सामान्यतः मानतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत इराणच्या आखाताच्या मुखावरील होर्मुझ बंदराच्या व्यापारातून ती पश्चिम किनाऱ्यावर रुळली. लारी म्हणजे चांदीची जाड तार मधोमध दुमडून तिच्यावर छाप मारलेला, बोटाएवढा लांब तुकडा. वजन सुमारे पावणेपाच ग्रॅम. श्रीलंकेत तिला गळासारखा बाक देत, विजापूरची लारी मात्र सरळ असे. हातात घेतली की नाण्यापेक्षा केसांच्या आकड्याचीच आठवण होते. अनेक लाऱ्यांवर चांदी पारखण्यासाठी मारलेल्या छिन्नीच्या खुणा दिसतात.

दुसरा अली आदिलशहा (कारकीर्द १६५६–७२) याच्या लाऱ्यांवरील फारसी लेखाबद्दल मतभेद आहेत. छाप तारेपेक्षा रुंद असल्याने एका लारीवर लेखाची एक पट्टीच उमटते. कुठे अक्षरांचे डोके येते, कुठे नुसता पाय. त्यामुळे अनेक लाऱ्या शेजारी ठेवून लेख जुळवावा लागतो. आरंभीच्या वाचकांनी त्यात ‘दाभोळ’ हे नाव पाहिले आणि लारीची टांकसाळ तेथे असल्याचा समज रूढ झाला. नंतरच्या वाचनानुसार ते शब्द ‘लारी डांगी सिक्का’ असे आहेत. ‘दांग’ हे फारसी वजनमाप असल्याने हे वाचन अर्थालाही अधिक जुळते. दाभोळ हे आदिलशाहीचे मोठे बंदर होते हे खरे, पण तेवढ्यावरून टांकसाळ सिद्ध होत नाही.

शिवराई हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या नावावरून ओळखले गेले. नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असे असते. ‘शिवराई’ हा शब्द नसतो. राज्याभिषेकाच्या सुमारास (१६७४) तिचा आरंभ मानणे सयुक्तिक ठरते. महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही, याच लेखाची नाणी पडत राहिली आणि नाव तेच राहिले. दोन आडव्या दांड्यांच्या उत्तरकालीन प्रकाराला दुदांडी म्हणतात. सापडलेली प्रत्येक शिवराई शिवकालीन समजण्याची चूक अजूनही होते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये एकसारखा रुपया आणल्यावर सोळा आण्यांचा हिशेब पक्का झाला. बंदा (पूर्ण) रुपया, अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) व ढब्बू (दोन पैशांचे नाणे) ही नावे सर्वपरिचित आहेत. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून मध्ये छिद्र असलेला पैसा निघाला. तो भोकाचा पैसा. गोव्यात पोर्तुगीज रुपयाही सोळा टांग्यांचाच होता; टांगा हे तिथले आण्यासारखे नाणे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली. पावली २५ व अधेली ५० नव्या पैशांत नेमकी बसली. चवलीचे मात्र साडेबारा होत, त्यामुळे तिच्या तोडीचे नाणे निघाले नाही. पावलीच्या किमतीचे २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले.